अजाण फळ

हरिपूर, ८ नोव्हेंबर १९४३

जवाहरने पाचगणीहून पाठवलेली स्ट्रॉबेरीची रोपं आज आली. ओल्या गोणपाटात चोवीस होती, तीन वाटेतच गेली. जवाहर माझा शाळेतला दोस्त, आता तिथे ड्रॉइंग शिकवतो. लिहितो की ही जात वर्षातून एकदा फळून गप्प बसणारी नाही. फळली की थोडा दम घेते आणि पुन्हा फुलते. बारमाहीच म्हण, पण जपलीस तर.

गेल्या वर्षी शेतीच्या प्रदर्शनात बागांचे सुपरिंटेंडेंट म्हणाले होते की घाटाखाली हे फळ येणं शक्य नाही. मी म्हणालो, पाहू. चारचौघांत म्हणालो, म्हणजे आता करून दाखवणं आलं. अठराव्या वर्षी मी मुनिमहाराजांपुढे सत्याचं व्रत घेतलं, तेव्हापासून मदन चौगुलेचा शब्द खोटा ठरला असं हरिपुरात घडलेलं नाही. हळदीच्या पेठेत दोघांचं वाजलं की मला बोलावून विचारतात. आक्काताई म्हणते, मदन, तुला व्रताचा गर्व झालाय. थोरली बहीण आहे, विधवा होऊन परत आल्यापासून माझ्या आत्म्याची काळजी तिनेच वाहिली आहे. गर्व असेलही.

वाफे परसात केले, नदीच्या अंगाला. पलीकडे आमची तीन पेवं आहेत, हळद साठवायची जमिनीतली खोल विवरं. दोन पेवांत दर साली हळद पुरतो. तिसरं ढासळून दोन पुरुष खोल तेवढं उरलंय, सहा वर्षं रिकामं आहे. त्याच्या तोंडावर फरशी टाकलेली असते.

२१ नोव्हेंबर

बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, उपाध्यांना विचारलं. त्यांनी जवाहरच्या पत्रातलं चित्र बराच वेळ पाहिलं. निवाडा असा: ज्याची जात आणि गुण आपल्याला ठाऊक नाहीत ते अजाण फळ, आणि अजाण फळ श्रावकाने तोंडात घालायचं नाही. शिवाय याच्या बिया अंगावर, त्याही अगणित. मी म्हणालो, लावायला हरकत? ते म्हणाले, पाहायला हरकत नाही.

म्हणजे मी पिकवायचं आणि चव तानुबाईला विचारायची. ती आमच्याकडे हळद निवडायला येते. मराठ्यांची आहे, रहिमतपूरकडची, तिला असली बंधनं नाहीत. ती याला इंग्रजी बोरं म्हणते.

१२ डिसेंबर

फुलं आली आणि मी ती नखाने खुडून टाकली. जवाहरची सक्त ताकीद आहे: पहिले पाच आठवडे फूल ठेवायचं नाही, धावते फुटवे ठेवायचे नाहीत, रोपाने आधी अंग धरायला हवं. पांढरीशुभ्र फुलं मुठीत घेऊन उभा राहिलो तर वाईट वाटलं. तानुबाई म्हणाली, "आवं अण्णा, देवानं दिल्यालं असं कुणी खुडतं व्हय?" गुणमाला दारात उभी होती, ती आत गेली. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. तानुबाईच्या मनात काही नव्हतं, पण ऐकणारीला लागायचं ते लागतंच.

गोगलगायी पानं खातात. मारणं तर नाही. रोज सकाळी वेचून टोपलीत घालतो आणि नदीकाठी सोडून येतो. भाऊसो, आमचा हमालांचा मुकादम, हसू दाबत विचारतो की अण्णा, त्याच परत येत नसतील कशावरून? मलाही तो संशय आहे.

२ जानेवारी १९४४

पहिलं फळ. तांबडं, टोकाला निमुळतं, अंगठ्याएवढं. तानुबाईला दिलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आंबट हाय. न्हाई, ग्वाड हाय. दोनी हाय." एवढ्यावर मी दिवस काढला.

पेठेत वेगळीच कुजबुज आहे. रहिमतपूरजवळ भूमिगतांवर पोलिसांनी गोळी चालवली, त्यातला एकजण पायाला गोळी लागलेली असताना निसटला. तो आमच्या संस्थानच्या हद्दीत आला असावा म्हणतात. आसरा देणाऱ्याला तुरुंग, आणि तो सापडला तर त्याला फाशीही होईल. अशा गोष्टी कानावर आल्या की मी तिथून उठतो. मला कळलं तर विचारणाऱ्याला सांगावं लागेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून माझ्यासमोर लोक हळदीच्या भावाखेरीज बोलत नाहीत.

७ जानेवारी

तानुबाई चार दिवस आली नव्हती. आज आली तर डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणाली, ताप हुता. कुणाला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

११ जानेवारी

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. काल संध्याकाळी पिकलेली नऊ फळं मी स्वतः मोजली, प्रदर्शनासाठी राखायची म्हणून. आज सकाळी तीन. बुलबुल असता तर अर्धवट टोचून टाकली असती. इथे देठच नाहीत. आमच्या घरात कोणी अजाण फळ खाणार नाही, आणि दिवस मावळल्यावर तर पाण्याचा घोटही कोणी घेत नाही. मग खाल्ली कोणी?

तिसऱ्या पेवावरची फरशी हातभर सरकलेली दिसली. कुत्रं पडेल म्हणून मी ढकलून नीट बसवली आणि फटीला चिखलही लावला.

गुणमाला धावत आली, काय करताय म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. फरशी लावली, दुसरं काय, असं मी म्हणालो. मी आंघोळीला गेलो आणि परत येऊन पाहतो तर फरशी पुन्हा सरकवलेली. ती म्हणाली, "जरा वारं लागू दे त्याला. कोंदट वास यायलाय." बारा वर्षांत हिने पेवाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी बराच ओरडलो. ती ऐकून घेत उभी राहिली, पण फरशीपासून हलली नाही.

१६ जानेवारी

आज सकाळी पाच गेली. गुणमालेच्या उजव्या हाताची बोटं तांबूस दिसली. मी पाहिलं हे तिने पाहिलं आणि हात पदराखाली घेतला. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय.

माझी बायको अजाण फळ खाते. चोरून. हे लिहितानाही हात जड होतो. विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग मला ते उपाध्यांना सांगावं लागेल. म्हणून विचारत नाही. माझ्या व्रताला ही पळवाट चालते की नाही कोण जाणे.

१९ जानेवारी

मी किती मूर्ख आहे. आज दुपारी आक्काताई गुणमालेला हळूच म्हणत होती, "पोटात काय ठरतंय का?" आणि ही म्हणाली, "दुसरं कायच न्हाई. तेवढं फळच ऱ्हातंय."

मी दाराआड उभा होतो. डोहाळे. आंबट खावंसं वाटणं, अन्न न ठरणं, भलत्या वेळी परसात जाणं, चेहरा उतरणं, सगळं जुळलं. बारा वर्षांनी. आक्काताईला माहीत आहे आणि मला सांगत नाहीत. तीन महिने होईपर्यंत सांगत नसतात, दृष्ट लागते. मीही बोलणार नाही. पण आज हळद तोलताना माझं लक्ष ठरत नव्हतं, भाऊसोने तीनदा हाक मारली.

प्रदर्शन गेलं खड्ड्यात. सुपरिंटेंडेंटला काय म्हणायचं ते म्हणू दे.

२० जानेवारी

संध्याकाळी पिकलेली सगळी फळं पानावर काढून वाफ्याच्या कडेला ठेवली, तिला अंधारात चाचपावं लागू नये म्हणून. सकाळी पान रिकामं होतं. इतका आनंद मला कुठल्या सौद्यात झाला नव्हता.

२९ जानेवारी

बहर संपला. तीन दिवस एकही फळ नाही, नवी फुलं तुरळक. रोपं दमलीत. गुणमाला सकाळपासून वाफ्याशी चार वेळा गेली. शेवटी माझ्याकडे आली, असं विचारायला ती कधी येत नाही. "परत कवा धरंल?" मी म्हणालो, पंधरा दिवस तरी. तिने खाली पाहिलं. "पंधरा दिस लय झालं," म्हणाली.

तिचे डोळे भरले होते. मी आज जुनी पानं काढली, फुटवे कापले, खालून उसाचं पाचट पसरलं, शेणखताचं पाणी घातलं, दुपारच्या उन्हाला तट्ट्या उभ्या केल्या. कंबर धरली आहे. जवाहरला तातडीचं पत्र टाकलं.

३ फेब्रुवारी

आक्काताईने वैद्याकडून तापाची मात्रा आणवली. कोणाला ताप, म्हणून मी विचारलं नाही. घरात जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या दिसल्या. बाळंतपणाची तयारी इतक्या लवकर करतात का? मला यातलं काही कळत नाही. तानुबाई रोज काम संपल्यावरही रेंगाळते आणि गुणमालेशी कुजबुजते. अनुभवी बाई आहे, तिचा आधार असलेला बरा.

मला भीती वाटते. गुणमाला वाळत चालली आहे. काल देवापुढे मी बोलून गेलो की फळाचं पाप मला लागू दे.

८ फेब्रुवारी

हिरवी फळं. एकवीस रोपांपैकी सतरांवर फळ. जवाहर, तुझं भलं होवो. गुणमालेला हाक मारून दाखवल्या. तिने वाकून हात जोडले, रोपांना की मला ते समजलं नाही.

१३ फेब्रुवारी

काही फळं तांबूस झाली. नव्या हळदीच्या गाड्या येऊ लागल्या आहेत, परसात माणसांची वर्दळ. तिसऱ्या पेवाचं ते उघडं तोंड मला बघवत नाही. वर्षभरात घरात रांगणारं पोर असेल, आणि पोराला कुठे कळतं. उद्या भाऊसोला सांगून दगडमातीने बुजवून टाकतो. गुणमालेला आत्ताच सांगत नाही. कारण सांगावं लागेल, आणि तिला वाटेल की मी तिचं गुपित फोडलं.

१४ फेब्रुवारी

आज काही लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

लिहितो. ही वही यापुढे आक्काताईच्या पोथ्यांच्या कपाटात राहील.

काल सकाळी भाऊसोने चार माणसं आणि मातीच्या पाट्या आणल्या. फरशी बाजूला केली. पहिली पाटी उचलली तोच गुणमाला घरातून पळत आली आणि पेवाच्या तोंडावर आडवी बसली. पाय आत सोडून. माणसं खुळ्यासारखी बघत राहिली. मी म्हणालो, उठ, या दिवसांत असं बसू नये. ती उठली नाही. मी हात धरला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात सोडला. तेवढ्यात तिच्या पायांखालून, जमिनीतून, कोणीतरी खोकलं.

खोकला बारीक होता, पाट्यांपाशी ऐकू गेला नसावा. मी भाऊसोला म्हणालो, आज नको, परत जा. ते खरंच होतं, आज नकोच होतं. माणसं गेली.

वाकून पाहिलं. पाचटावर एक पोरगेला माणूस पडला होता, दाढी वाढलेली, एक पाय धोतराच्या पट्ट्यांत गुंडाळलेला. तानुबाईचा भाचा, नाथाजी. रहिमतपूरला गोळी लागली तो हाच. त्याने वर पाहून हात जोडले. त्याच्या उशाशी मी काढून ठेवलेली पानं होती, एकावर एक रचलेली.

आक्काताई म्हणाली, "तापानं जिवात जीव न्हवता. भाकरी न्हाई, दूध न्हाई, फकस्त तुझं फळ पोटात ठरत हुतं. ते सरलं तवा नुसत्या साखरपाण्यावर तगला. दारात आलेला जीव बाहेर टाकायचा व्हय?" मी विचारलं की मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला एक तर त्याला धरून द्यावं लागलं असतं, न्हाईतर व्रत मोडावं लागलं असतं. तुझं व्रत आमी दोघींनी राखलं, मदन."

अकरा जानेवारीला मी त्या फटीला चिखल लावला होता. गुणमाला आली नसती तर काय झालं असतं याचा विचार मी अजून पुरा करू शकलेलो नाही.

मग मी गुणमालेला विचारलं. आक्काताईसमोरच विचारलं, भान राहिलं नाही. म्हणजे तुला दिवस गेलेले नाहीत? तिला आधी कळेना. मग ती पानं, त्या तट्ट्या, एकवीस रोपांपाशी मी मोडलेली कंबर, सगळं तिच्या ध्यानात आलं असावं. तिने तोंडावर हात ठेवला. "न्हाई वो," एवढंच म्हणाली.

मी परसात जाऊन बसलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस वाफ्यात बसून रडला, हे इथे लिहून ठेवतो. त्या पोरावर राग आला, दोघींवर आला. राग ओसरला तेव्हा पाहिलं, तर पाच फळं पिकली होती. पानावर घेऊन मीच पेवाशी नेली.

१६ फेब्रुवारी

आज सकाळी साताऱ्याकडचा फौजदार आला, संस्थानचे दोन शिपाई बरोबर. दारातच म्हणाला, तुम्ही खोटं बोलत नाही असं पेठेत ऐकलं, म्हणून आधी तुमच्याचकडे आलो. घरंदारं धुंडाळायचा त्रास वाचतो.

मी दार सोडून बाजूला झालो. तो परसात गेला. नऊ-दहा माणसं गाड्या रिकाम्या करत होती, ती थांबली. भाऊसो होता, तानुबाई सूप हातात धरून होती, आणि दुर्दैवाने उपाध्येही होते, पूजेची हळद न्यायला आलेले. फौजदाराने दोन पेवं उघडून पाहिली. तिसऱ्यापाशी वाकला आणि मातीतून काहीतरी उचललं. हिरवे देठ, चार-पाच. तिथल्या उजेडात त्याने ते तळहातावर पसरले. वाफ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चौगुले, तुमच्यात हे फळ खात नाहीत, हे उपाध्ये मघाशीच बोलले. मग इथं बसून खातंय कोण?"

गुणमाला पुढे सरकू लागली. तिने सांगितलं असतं की मी खाते. तिला अपराधी व्हायची सवय आहे, बारा वर्षं लोकांनी तिला तेच शिकवलंय. मी तिच्या आधी वाफ्याशी पोचलो. एक फळ तोडलं, पिकलेलं, आणि तोंडात घातलं.

"मी खातो," म्हणालो. "रोज खातो. घरच्यांना दिसू नये म्हणून पेवाच्या आडोशाला बसून खातो."

उपाध्यांच्या हातातली पुडी कलंडली. आणि नेमका तेव्हा पेवातून खोकला आला.

मला ठसका लागला. लागला असं लिहितो, पण मी तो आणला. गुडघ्यांवर बसून इतका खोकलो की डोळ्यांतून पाणी आलं, फळाचा रस दाढीवर ओघळला. भाऊसो पाठ चोळायला धावला. फौजदार मागे सरला, वर्दीवर डाग पडू नये म्हणून. मी थांबलो तेव्हा पेवही गप्प होतं.

त्याने तरीही आत डोकावून पाहिलं. अंधार, पाचट; नाथाजी ढासळलेल्या कडेच्या पोकळीत सरकला असावा. आत काय आहे, म्हणून विचारलं. मी म्हणालो की ढासळलेलं पेव आहे, उतरलात तर वर याल याची हमी मी देत नाही, आणि आत माणूस नाही.

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

त्याने उपाध्यांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या, माझ्या लाजेने. असली लाज कोणी उगाच ओढवून घेत नाही, असं त्याला वाटलं असावं. हसला, आणि गेला. सव्वीस वर्षं राखलेला शब्द एका फळात खर्च झाला.

उपाध्ये हळद न घेताच गेले.

१८ फेब्रुवारी

नाथाजी गेला. बैलगाडीत, हळदीच्या पोत्यांआड, तानुबाई शेजारी बसून. कुठे ते मी विचारलं नाही. जाताना पाया पडू लागला तर मी मागे सरलो. तो म्हणाला, "अण्णा, तुमचं नाव ठिवीन पोराला." त्याचं अजून लग्नही झालेलं नाही.

२७ फेब्रुवारी

प्रदर्शनाचा दिवस. गेलो नाही. वाफ्यांवर दीड शेर तरी फळ असेल. बहर असा की पानं दिसत नाहीत, आणि खाणारा कोणी नाही. बुलबुल खातात, गोगलगायी खातात. खाऊ देत.

बस्तीत माझ्याशेजारी कोणी बसत नाही. पेठेत कालपासून तंटे मिटवायला दुसऱ्याला बोलावतात. उपाध्यांनी अजाण फळाचं प्रायश्चित्त सांगितलं, अकरा उपवास. ते करतो आहे. खोट्याचं प्रायश्चित्त त्यांच्याकडे मागता येत नाही, कारण ते खोटं होतं हे त्यांना सांगता येत नाही. भाऊसो मात्र आज विनाकारण म्हणाला, "तिसऱ्या पेवाला हात लावायचा न्हाई न्हवं, अण्णा?" आणि उत्तराची वाट न पाहता गेला. त्याला किती ऐकू आलं होतं, कोण जाणे.

संध्याकाळी गुणमाला वाफ्याशी येऊन बसली. आम्ही त्या दिवसापासून फारसं बोललो नव्हतो. एक पिकलेलं फळ तिने बोटाने जरा उचललं, तोडलं नाही, परत पानावर टेकवलं. म्हणाली, "दीड महिना मी हाताळलं, पर कदी तोंडात घातलं न्हाई. कसं लागतं वो?"

ते इतकं गोड होतं की त्या घटकेला, फौजदार समोर उभा असताना, पेवात माणूस असताना, मी क्षणभर बाकी सगळं विसरलो होतो. तिला कधी चाखता येणार नाही असं हे फळ. मी म्हणालो, आंबट असतं. अगदी आंबट.

ती बरं म्हणाली आणि उठली. हे माझं दुसरं खोटं.